आडनावाची भावकी

माझ्या नवऱ्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, आईवडील आमच्या लग्नाआधीच गेलेले. लग्न ठरलं तेव्हा अकोल्याहून आई फोनवर म्हणाली होती, "अमेरिकन तर अमेरिकन, पण सुटलीस बाई! ना नणंद, ना जाऊ, ना सासूचे टोमणे." आम्ही दोघी खदखदून हसलो होतो. आणि २००२ च्या जानेवारीत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या हॉस्पिटलात, त्याच्या रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सख्खी भावंडं किती?"

"एकही नाही," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ मारली आणि रिपोर्ट मिटला.

रक्ताचा कॅन्सर होता. औषधांनी थोडे महिने मिळतील, पण खरा उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या हाडातली मज्जा काढून त्याला द्यायची. ती कुणाचीही चालत नाही, जुळावी लागते. सख्ख्या भावाबहिणीची जुळण्याची आशा सगळ्यांत जास्त. भावंड नसलं तर ज्या अनोळखी लोकांनी आपण होऊन मज्जा द्यायला नाव नोंदवलंय त्यांच्यात शोधायचं. तिथे शोधलं. बहुतेक गोऱ्या पेशंटांना तिथे कुणी ना कुणी मिळतं म्हणे. आम्हाला नाही मिळालं. "आम्ही शोधत राहू," असं त्या म्हणाल्या. आम्ही पार्किंगमध्ये आलो, त्यानं काचेवरचा बर्फ खरवडला आणि विचारलं, "जेवायला काय करायचं?" मला इतका राग आला त्याचा! माणसानं रडावं, ओरडावं, निदान गाडीच्या चाकाला एक लाथ तरी हाणावी. हा आपला बर्फ खरवडतोय.

आता माझ्या डोक्यानं काय घेतलं ते सांगते. मी केमिस्ट्रीत एम.एस. केलेली बाई, दिवसभर लॅबमध्ये काम करणारी. मज्जा आडनावावरून जुळत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि घाबरलेल्या माणसाचं डोकं वेगळं. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. त्या 'कर'च्या आधी जे गाव आहे तिथे आमच्याच आडनावाची घरं आहेत आणि ती सगळी एका बुंध्याची. तिथलं कुणी वारलं की माझे काका अकोल्यात डोकं भादरून यायचे. गेलेल्याचं तोंडसुद्धा कधी पाहिलेलं नसायचं. विचारलं की म्हणायचे, "भावकीतला होता." संपलं. तर मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचंही आडनाव आहे की! इंग्लंडातून आलेलं, जुनं. या नावाची माणसं कुठेतरी असणारच. सख्खा भाऊ नाही तर भावकी तर असेल? तिच्यातल्या कुणाचं तरी जुळेल.

मी टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि फोन लावायला बसले. आमच्या गावापासून सुरुवात केली, मग शिकागो, मग इंटरनेटवरून बाकीची राज्यं. न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर विमानं घुसवून पाडले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. माझ्यासारख्या उच्चारांची बाई फोन करून म्हणते, "नमस्कार, तुमचं आणि माझ्या नवऱ्याचं आडनाव एक आहे, तुम्ही रक्त तपासून घ्याल का?" लोकांनी काय करावं? फोन आपटत. एका बाईनं पोलिसांना सांगेन म्हणून दम दिला. एका आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुम्ही नक्की काय विकताय?" त्या दिवशी मी रिसीव्हर इतक्या जोरात ठेवला की त्याचं प्लास्टिक तडकलं.

नवरा सोफ्यावरून हे ऐकत असायचा. औषधानं डोक्यावरचे केस गेलेले, अंगावर माझी जुनी शाल. म्हणाला, "माझ्या आडनावाच्या सगळ्या देशाला फोन करतेयस, आणि तू स्वतः ते आडनाव काही लावलं नाहीस."

"आत्ता टोमणे नकोत," मी म्हटलं.

"टोमणा नाही. कौतुक वाटतंय." मग तो उठून बसला. "तुला एक सांगू? ते आडनाव म्हणजे नुसता पत्ता आहे. ओढा ओलांडायला जिथे उथळ पाणी असतं, त्या जागेपाशी राहणारा. एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडात ओढे किती असतील, आणि प्रत्येक ओढ्यापाशी कुणी ना कुणी राहतच असेल. त्यांचा एकमेकांशी काय संबंध?"

"आमचंही आडनाव पत्ताच आहे! तरी आमची भावकी एक आहे."

"मग तुमचा ओढा एकच असेल," तो म्हणाला आणि हसला. मला त्याच्या उशीवर बुक्के मारावेसे वाटले. मरणाच्या दारात बसून असला शहाणपणा करायचा असतो का कुणी? मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

तोपर्यंत आई आली होती. व्हिजा मिळवून, दोन विमानं बदलून, सोबत मेथीचे लाडू आणि देवघरातले देव घेऊन. तिनं आल्याबरोबर माझ्या काचेच्या सॅलडच्या भांड्यात पाणी भरलं आणि देव त्यात ठेवले. "जावई उठून हिंडायला लागेपर्यंत बाहेर काढणार नाही," म्हणाली. जावई फ्रिज उघडायला यायचा तेव्हा त्या भांड्याला हात जोडायचा आणि मला इंग्रजीत विचारायचा, "यांना थंडी नाही का वाजत?" आई मला विचारायची, "काय म्हणतात गं जावई?" मी म्हणायचे, "काही नाही."

फोन करून हात टेकले तेव्हा मला इंटरनेटवर त्या आडनावाचा एक फोरम सापडला. त्या आडनावाची हौशी मंडळी, बहुतेक निवृत्त, तिथे जमून आपलं घराणं शोधत. पहिल्यांदा मला इतका आनंद झाला! अख्खी भावकी एका जागी. वाचायला बसले तर काय, महिनोन्महिने एकच भांडण. नावाच्या शेवटी 'ई' हवा की नको. कुणी मध्ये 'आय' लिहायचं, कुणी 'वाय', कुणी शेवटी 'एस' जोडायचं, एक घराणं तर मधलं अक्षर दोनदा लिहायचं. चर्चमधल्या पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, बोटीवरच्या कारकुनानं आणखी वेगळं लिहिलं, आणि आता ई वाले म्हणत होते की आम्हीच खरे, आमच्याकडे घराण्याच्या मानचिन्हाचं, ढालीचं चित्र आहे. बिन-ई वाले म्हणत होते की ई ही मागाहून आलेली श्रीमंतीची मिजास. एकमेकांना 'सर' म्हणून ओरबाडत होते.

मी लिहिलं. माझ्या नवऱ्याला काय झालंय, काय हवंय, तपासणी कुठेही होते, त्याला फक्त थोडं रक्त लागतं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकानं लिहिलं, "वाईट वाटलं. पण हा विषय या फोरमचा नाही." आणि खाली पुन्हा ई.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जे लिहिलं ते मला शब्दाशब्दाला आठवत नाही, पण अर्थ असा होता, की तुमच्या नावाचा एक जिवंत माणूस इथे माझ्या सोफ्यावर मरतोय, आणि तुम्ही मेलेल्यांची अक्षरं मोजताय. घाला ती ढाल चुलीत. फोरम चालवणाऱ्यानं मला काढून टाकलं. चांगलं केलं, म्हटलं.

पण माझा ईमेल तिथे राहिला होता. दुसऱ्या दिवशी अलाबामाहून एक पत्र आलं. लिहिणारा एका शाळेत मुलांचा बँड शिकवणारा मास्तर. त्यानं लिहिलं होतं, "मी त्या फोरमवर नुसता वाचत असतो, लिहीत नाही. मी ई वाला. आधीच सांगतो, आम्ही काळे आहोत. हे नाव आमच्या घराण्याला गुलामगिरीत मालकाकडून मिळालं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे तुमच्या नवऱ्याचं आणि माझं रक्त कुठे एक झालंय की नाही, देव जाणे. झालंच असेल तर कुणी हौसेनं केलेलं नसेल. पण मला भाऊ नाही, आणि कुणी विचारलं तर नाही म्हणायची सवय नाही. पत्ता द्या, रक्त कुठे द्यायचं?"

मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच त्यानं काही विनोद केला नाही.  मग म्हणाला, "याला आपण काय म्हणून मागतोय?" मी म्हटलं, "तो देतोय, मी मागतेय, तू गप्प राहा." मला तेव्हा न्यायअन्याय काही दिसत नव्हतं. कुणीही द्या, कसंही द्या, पण द्या, एवढंच दिसत होतं.

त्याचं रक्त जुळलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसातून फोन आला आणि त्या मुलीनं ते अगदी गोड आवाजात सांगितलं. मी मास्तरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "मग आता मी काय करू?" मी म्हटलं, "काय करणार? झालं." तर म्हणाले, "माझं नाव मी सगळ्यांसाठीच नोंदवून ठेवलंय. आणि शाळेला सुट्टी लागली की तुम्हाला भेटायला येतो." लोक असं बोलतात, मी मनावर घेतलं नाही.

तर तो खरंच आला. दिवसभर गाडी चालवून, मागच्या सीटवर रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला, तिकडे 'पाय' म्हणतात तो पदार्थ घेऊन. उंच, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट. दारात त्याच्यासमोर माझा नवरा उभा, टक्कल पडलेला, माझ्या शालीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि नवरा म्हणाला, "कान तर अजिबात सारखे नाहीत." मास्तर इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिथून त्यांचं जे जमलं ते जमलंच.

आईला मी सगळं मराठीत समजावून सांगितलं, की हे त्याच आडनावाचे, पण नात्याचे आहेत की नाही माहीत नाही. आईनं त्याला लाडू दिला आणि सरळ विचारलं, "गोत्र काय?"

यामागे एक गोष्ट आहे. आमच्या लग्नात गुरुजींनी नवऱ्याचं गोत्र विचारलं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी म्हणाले, "हरकत नाही. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप." झालं. त्यानंतर पार्टीभर हा सगळ्यांना सांगत सुटला की मी काश्यप आहे.

आता त्यानंच मास्तरला गोत्र म्हणजे काय ते समजावलं, चुकीचं, पण उत्साहानं. मास्तर म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या मागे आम्हाला कुणाचं काहीच ठाऊक नाही. कुणी ते लिहूनच ठेवलेलं नाही." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे काश्यपच. मग प्रश्न कुठे आला? दोघं सगोत्र, भाऊबंद. आणि ही तुझी वहिनी." शेवटचं तिनं त्याला माझ्याकडे बोट दाखवून, मोठ्यानं, मराठीतच सांगितलं. परक्या माणसाला मोठ्यानं सांगितलं की मराठी कळतं असा तिचा समज होता. तो म्हणाला, "वहिनी." मी म्हटलं, "भावाची बायको." त्यानं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला आणि पुढे मला कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्या ई चंही त्यानंच सांगितलं. नवऱ्यानं विचारलं होतं, तुमचा ई इंग्लंडातून आलेला आहे का? तो म्हणाला, "छे! माझ्या पणजोबांना मोठेपणी अक्षरओळख झाली. मालकाच्या घराण्याच्या नावात ई नव्हता. पणजोबांनी पहिल्यांदा स्वतःची सही केली तेव्हा शेवटी एक ई घातला. म्हणे, निदान एक अक्षर तरी माझ्या पैशाचं असू दे."  नवऱ्यानं मास्तरच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी उठून चहा टाकायला गेले, कारण मला तिथे बसवेना.

त्या वर्षी झाडांची पानं गळायला लागली तेव्हा नवरा गेला. यावर मी जास्त लिहिणार नाही. शेवटपर्यंत कुणाचंही जुळलं नाही. आईनं भांड्यातले देव बाहेर काढले, पुसले, आणि माझ्याकडे न बघता बॅगेत ठेवले. मास्तर आला होता. दाहिनीचं बटण मी दाबलं, माझ्या हातावर त्याचा हात होता. भावकीतलं दुसरं होतं कोण? अलाबामाला परत जाऊन त्यानं मला फोटो पाठवला. डोकं पूर्ण भादरलेलं. माझ्या काकांची गोष्ट त्याला नवऱ्यानं सांगितली असणार.

त्यानंतर वर्षातून एखाददुसरा फोन. मी कामावर जात राहिले, घर विकलं, स्टेशनजवळ छोटी जागा घेतली. आडनाव माझं माझंच राहिलं, 'कर' वालं. आता कशाला बदलायचं?

मग तीन-चार वर्षांनी एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज वेगळाच. म्हणाला, "वहिनी, मला बोलावलंय. माझं नाव नोंदवलेलं होतं ना, ते कुणाशी तरी जुळलंय. पूर्ण जुळलंय. कुणाशी ते सांगत नाहीत. नाव नाही, गाव नाही. एवढंच म्हणाले, की त्या माणसासाठी सबंध नोंदीत माझ्याशिवाय कुणी नाही."

मी काय म्हणायला हवं होतं? 'वा' म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं, "तेव्हा नाही का जमलं तुला?"

 मी थांबले नाही. सगळं ओकून टाकलं. कोण कुठला तो, ज्याचं नाव माहीत नाही, त्याला पूर्ण जुळतंय, आणि माझ्या माणसाला अख्ख्या अमेरिकेत कुणी नाही! मी डिरेक्टऱ्या चाळल्या, मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तुझं नाव त्या नोंदीत गेलं ते माझ्या नवऱ्यासाठी, आणि आयतं बसून घेणार दुसरंच कुणीतरी! असं सगळं. अर्धं मराठीत बोलले असेन.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "मलाही पहिल्यांदा हेच वाटलं. म्हणून तुला फोन केला." आणि पुढे, "मला भीती वाटते, वहिनी. भूल देऊन कंबरेच्या हाडात सुया घालणार. माझे वडील असेच भूल घेऊन आत गेले ते परत आलेच नाहीत. आई म्हणते जाऊ नकोस, त्या लोकांना तू काही लागत नाहीस. तू सांग. जाऊ नको म्हणालीस तर मी जाणार नाही. एवढा हक्क तुझा आहे."

खिडकीबाहेर शिकागोची ट्रेन येऊन थांबली. माणसं उतरली, माणसं चढली. खरं सांगते, 'जाऊ नकोस' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मला कुणाचंही भलं व्हायला नको होतं. दुसऱ्या कुणाचा नवरा सोफ्यावरून उठून फ्रिज उघडणार, हे मला बघवणार नव्हतं. मग मला वाटलं, कुठेतरी एक बाई, माझ्यासारखीच, डोकं फिरलेली, फोनपाशी बसलेली असेल. तिला कुणाचं नाव माहीत नाही, डिरेक्टरी उघडायची सोय नाही. ती नुसती वाट बघतेय. आणि माझ्या फोनच्या दुसऱ्या टोकाला तो माणूस आहे.

"जा," मी म्हटलं. "पण एकटा जाऊ नकोस. मी येते."

"तू कशाला? इतक्या लांब?"

"भावकीत विचारत नाहीत," मी म्हटलं आणि रडायला आलं म्हणून फोन ठेवून दिला.

अलाबामातल्या त्या हॉस्पिटलात सकाळी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. त्याची आई फार म्हातारी, ती घरीच देवाचं वाचत बसली होती. हिरवा झगा घातलेला तो एवढा उंच माणूस एकदम लहान दिसत होता. त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला. नर्स आली. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इथून पुढे फक्त घरचे," ती म्हणाली. "तुम्ही यांच्या कोण?"

मी तोंड उघडलं. कुठून सुरुवात करायची? ओढ्यापासून? ढालीपासून? त्या ई पासून? मी गोंधळलेली बघून स्ट्रेचरवरून तोच म्हणाला, "वहिनी."

"काय?"

"माझ्या भावाची बायको," तो म्हणाला.

नर्सनं मान डोलावली, मला आत घेतलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ येतोय का मागून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा चष्मा पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला आणि म्हटलं, "नाही. त्याच्या वतीनं मी आलेय."